गावित बहिणींची केस आणि माफीचा साक्षीदार : थोडी पार्श्वभूमी

गावित बहिणींचा विषय निघाला की गप्पा फिरून फिरून फाशी का रद्द झाली यावरच येतात. मला त्या केसमधला तिसराच माणूस महत्त्वाचा वाटतो, मोठ्या बहिणीचा नवरा किरण शिंदे. तो माफीचा साक्षीदार (म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा गुन्ह्यातलाच माणूस) झाला नसता तर केस कोर्टात कितपत टिकली असती शंकाच आहे.

आधी केस काय ते पटकन सांगतो. आई अंजना गावित, मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित. धंदा गर्दीत पाकिटं, पर्स मारायचा, म्हणजे देवळं, जत्रा, एसटी स्टँड. १९९० च्या सुमारास रेणुका चोरी करताना पकडली गेली तेव्हा तिचं स्वतःचं पोर बरोबर होतं, लेकुरवाळी बाई असं कसं करेल म्हणून लोकांनीच सोडून दिलं, आणि तिथून यांच्या डोक्यात आलं की मूल जवळ असलं की संशय येत नाही. मग दुसऱ्यांची मुलं पळवायची, चोरीला जाताना बरोबर न्यायची, आणि मूल त्रास द्यायला लागलं किंवा उपयोगाचं उरलं नाही की संपवायचं. १९९६ पर्यंत १३ मुलं पळवल्याचा आणि त्यातली ९ मारल्याचा आरोप होता. जास्त तपशील लिहीत नाही, वाचवत नाहीत.

सहा वर्षं पोलिसांना पत्ता कसा लागला नाही? कारण पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक, कोल्हापूर असं सगळीकडे पसरलेलं. मूल हरवलं की मिसिंगची नोंद एका ठाण्यात, प्रेत सापडलंच तर बेवारस म्हणून नोंद भलत्याच जिल्ह्यात, आणि दोन्ही कागद एका टेबलावर येणार कधी? त्यात एक मूल तर भीक मागणाऱ्या बाईचं होतं, तिच्या तक्रारीमागे कोण धावणार. शेवटी सापडल्या त्या घरच्याच वैरातून. अंजनाच्या आधीच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, त्या घरातली एक मुलगी यांनी पळवली, दुसरीवर डोळा होता, तेव्हा त्या दुसऱ्या बायकोच्या तक्रारीवरून नाशिकला नोव्हेंबर १९९६ मध्ये पकडल्या गेल्या. पुढे तपास सीआयडीकडे.

आता खरी अडचण. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही, त्यातून एखादी वस्तू किंवा जागा सापडली तर तेवढाच भाग चालतो. इथे काही गुन्हे पाच-सहा वर्षांपूर्वीचे, प्रेतं कधीच विल्हेवाट लागलेली. मग आतलाच माणूस फोडायचा.

ही युक्ती जुनी आहे. १८३० च्या दशकात जबलपूरला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या टोळ्या मोडल्या त्या ठगांनाच साक्षीदार करून. १८७२ च्या पुरावा कायद्यात (तो जून २०२४ पर्यंत लागू होता) तर दोन कलमं गमतीशीर शेजार करून बसली. १३३ म्हणायचं, साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा दिली तर ती बेकायदा नाही, आणि ११४ मधलं उदाहरण म्हणायचं की साथीदारावर दुजोरा असल्याशिवाय विश्वास ठेवू नका. कोर्टांनी व्यवहारात दुसरं पाळलं. गांधी खून खटल्यात पुण्याचा दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता, त्याची साक्ष इतरांविरुद्ध कामी आली पण सावरकरांविरुद्ध तिला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही, ते सुटले. जोशी-अभ्यंकर खून मालिकेची केस पुण्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, तिची सुरुवातही १९७६ च्या जानेवारीत एका हॉटेलवाल्याच्या मुलाला खंडणीसाठी पळवून झाली होती, प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलेलं. तिथेही सुहास चांडक हा त्यांच्यातलाच पोरगा माफीचा साक्षीदार झाला, आणि बाकी चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली.

तर १९५७ पासून सुप्रीम कोर्टाचा नियम असा की माफीच्या साक्षीदाराने दोन परीक्षा पास व्हायच्या, एक म्हणजे माणूस मुळात भरवशाचा वाटला पाहिजे आणि दुसरं म्हणजे महत्त्वाच्या मुद्द्यांवर बाहेरून दुजोरा पाहिजे. माफी फुकट नसते हेही लोकांना माहीत नसतं. सगळं खरं सांगायचं ही अट, लपवाछपवी केली की माफी जाते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात परत. शिवाय आधी जामीन मिळालेला नसेल तर खटला संपेपर्यंत तोही तुरुंगातच.

किरण शिंदेची साक्ष या चाळणीतून जायची होती म्हणूनच सरकार पक्षाने १५६ साक्षीदार तपासले. एकट्याच्या तोंडच्या गोष्टीला शंभरावर लोकांनी तुकड्या तुकड्याने टेकू द्यायचा, मूल कोणत्या दिवशी, कुठून गेलं, प्रेत कुठे मिळालं. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम. खटला सुरू व्हायच्या आधीच, १९९७ मध्ये अंजना कोठडीत असताना मेली, त्यामुळे पिंजऱ्यात उरल्या दोघी. कोल्हापूरच्या सेशन कोर्टाने २००१ मध्ये फाशी दिली, हायकोर्टाने २००४ ला आणि सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २००६ ला कायम केली. पण लक्षात घ्या, आरोप ९ खुनांचा असला तरी शिक्षा टिकली ती त्याहून कमी खुनांसाठी. जिथे दुजोरा तोकडा पडला तिथे कोर्टाने नाही म्हटलं, आणि मला तरी ते बरोबर वाटतं, राग कितीही येवो.

मग दयेचा अर्ज. राज्यपालांकडून नकार, जुलै २०१४ मध्ये राष्ट्रपतींकडूनही नकार, पण तोवर फायली इकडून तिकडे फिरण्यात ७ वर्षं १० महिने १५ दिवस गेलेले. १८ जानेवारी २०२२ ला मुंबई हायकोर्टाने त्याच कारणावरून फाशीची जन्मठेप केली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे २०२३ मध्ये जन्मठेपच राहिली, फक्त ती मरेपर्यंतची आणि कसलीही सूट नसलेली.