संयुक्त घटनांची संभाव्यता

दोन किंवा अधिक साध्या घटना ‘आणि’, ‘किंवा’, ‘निदान एक’ अशा शब्दांनी जोडल्या की जी घटना बनते, तिची संभाव्यता. उदा., दोन नाण्यांपैकी निदान एकावर छाप पडणे. एका फुलीवर (बी लावण्याच्या जागी) टोबलेल्या दोन्ही सरक्या (कापसाच्या बिया) न उगवणे. महाराष्ट्रात २०१८ पासूनच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात नमुना अवकाश (सर्व शक्य निष्पत्तींची यादी) लिहून अनुकूल घटक मोजणे एवढ्यावर भर आहे. बेरजेचा व गुणाकाराचा नियम आणि सशर्त संभाव्यता (एक घटना घडली असे धरून दुसरीची संभाव्यता) अकरावीत येतात.

इतिहास : आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. विदर्भाशी जोडलेला जुना धागा महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानाचा आहे. दमयंतीच्या स्वयंवरासाठी कुंडिनपुराकडे (परंपरेने अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर) निघालेला राजा ऋतुपर्ण वाटेत सारथी झालेल्या नलाला बेहड्याचे झाड पाहून सांगतो, की दोन फांद्यांवर पाने पाच कोटी आणि फळे २,०९५ आहेत. नल फळे मोजतो, आकडा जुळतो आणि त्याला अक्षविद्या (फाशांची विद्या) मिळते. वेदकाळी बेहड्याची फळेच द्यूतात वापरत. त्यामुळे संभाव्यतेच्या इतिहासाचे अभ्यासक इअन हॅकिंग यांनी १९७५ मध्ये या प्रसंगाकडे लक्ष वेधले. यात थोड्या भागावरून सगळ्याचा अंदाज बांधला आहे असे फार तर म्हणता येईल. दोन घटना जोडून काढलेले गुणोत्तर त्यात नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील (११५०) अंकपाशातही मांडण्यांची मोजणी आहे, संभाव्यता नाही.

युरोपात इटालियन गणिती कार्दानो यांचा द्यूतावरील ग्रंथ १६६३ मध्ये छापला गेला. लेखन बहुधा सोळाव्या शतकाच्या मध्याचे असावे. फ्रेंच गणिती पास्काल व फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारात पुढील कोडे येते : एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडण्याची संभाव्यता निम्म्याहून जास्त (६७१/१२९६, सुमारे ०.५१८), मग दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा जोडीने सहा पडण्याची निम्म्याहून कमी (सुमारे ०.४९१) कशी? हे कोडे पास्काल यांच्यापुढे मांडणारे शेव्हालिए द मेरे यांना जुगारात पैसे हरल्यावर हा फरक कळला असे सांगतात. ते पटण्यासारखे नाही. ०.४९१ आणि ०.५ यांतला फरक अनुभवाने जाणवायला हजारो डाव मोजावे लागतील. सहा निष्पत्तींना चार डाव पुरतात, तर छत्तीस निष्पत्तींना चोवीस पुरावेत, या जुन्या प्रमाणावर भिस्त ठेवल्याने हा विरोध उभा राहिला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गुणाकाराचा नियम गणिती द म्वाव्र यांच्या १७१८ च्या ग्रंथात स्पष्ट आढळतो.

नमुना अवकाश : बहुतेक चुका सूत्रात होत नाहीत, यादी करताना होतात. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशात लिहिले, की दोन वेळा नाणे उडवून निदान एक छाप येण्याची संभाव्यता २/३ आहे. पहिल्यांदाच छाप आली तर खेळ संपतो, म्हणून ‘छाप’, ‘काटा-छाप’, ‘काटा-काटा’ या तीनच निष्पत्ती, असा त्यांचा युक्तिवाद. पण या तीन समसंभाव्य (सारख्याच संभाव्यतेच्या) नाहीत. त्यांच्या संभाव्यता अनुक्रमे १/२, १/४, १/४. खरे उत्तर ३/४. दहावीचा विद्यार्थी (१, २) आणि (२, १) एकच समजून दोन फाशांच्या ३६ जोड्यांऐवजी २१ लिहितो, तेव्हा तो हीच चूक करतो. त्यावर उपाय म्हणजे एक फासा लाल, एक पांढरा धरायचा आणि सहा बाय सहाचा तक्ता आखायचा.

‘किंवा’ आले की दोन्हींत मोजलेले एकदा वजा करावे. लाल पत्ता किंवा राजा : २६ + ४ − २ = २८, म्हणून २८/५२ = ७/१३.

‘आणि’ आले की दुसऱ्या पायरीला छेद बदलतो का ते पाहावे. टोपलीत १० संत्री, त्यांतली ३ नासकी. न पाहता लागोपाठ दोन काढली. दोन्ही नासकी असण्याची संभाव्यता ३/१० × २/९ = १/१५. विद्यार्थी ३/१० × ३/१० लिहितो. ते पहिले संत्रे परत टाकले तरच बरोबर. ‘नेमके एक नासके’ यात वाटा दोन असतात : ३/१० × ७/९ आणि ७/१० × ३/९, बेरीज ७/१५. एकच वाट धरली तर उत्तर निम्मे येते. दोन्ही चांगली निघण्याची ७/१५. वृक्षाकृतीच्या (प्रत्येक पायरीचे पर्याय फांद्यांनी दाखवणाऱ्या आकृतीच्या) सर्व टोकांची बेरीज १ आली नाही तर एखादी फांदी सुटली असे समजावे.

समसंभाव्यता गृहीत धरण्यातला धोका : चंग-अष्टा या पटावरच्या खेळात चिंचोके फोडून चार अर्ध्या भागांनी दान पाडतात, चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. वहीत दोन्हींची संभाव्यता १/१६ येते. परंतु फोडलेला चिंचोका एका बाजूने सपाट, दुसरीने फुगीर असतो; तो नाण्यासारखा पडेलच असे नाही. पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता ०.४ निघाली, तर चार पडण्याची ०.०२५६ आणि आठ पडण्याची ०.१२९६, म्हणजे पाचपट. एका चिंचोक्यातला थोडा फरक चार वेळा गुणल्यावर एवढा वाढतो. म्हणून वर्गात एकच चिंचोका आधी शंभर वेळा टाकून नोंद करावी, मग गुणाकाराला हात घालावा.

स्वतंत्रता : सरकीची उगवण ८० टक्के आणि प्रत्येक फुलीवर दोन बिया असतील, तर दोन्ही न उगवण्याची संभाव्यता ०.२ × ०.२ = ०.०४, हजार फुल्यांमागे सुमारे ४० नांग्या (रिकाम्या राहिलेल्या जागा). एकेक बी टोबले तर २००. हा गुणाकार बियाणे मिसळलेले आणि प्रत्येक बीचे नशीब वेगळे असेल तोवरच चालतो. टोबणीनंतर पावसाने खंड दिला, किंवा जोराच्या पावसाने जमिनीवर पापडी धरली, तर एका फुलीवरच्या दोन्ही बिया एकाच कारणाने जातात. त्यांना स्वतंत्र घटना म्हणता येत नाही आणि नांग्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघतात. ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून काढलेली टक्केवारी एका बीची संभाव्यता सांगते. शेतात दोन बिया मिळून काय होईल, हे त्या टक्केवारीचा वर्ग करून निघत नाही. त्यासाठी एक बी न उगवल्यास दुसरीही न उगवण्याची सशर्त संभाव्यता लागते, आणि ती शेतातल्या ओळींतल्या फुल्या मोजूनच मिळते.