स्वस्तात बाहेर जेवण: सवलतींच्या मागचा सौदा

बाहेर जेवताना पैसे कसे वाचवावेत, याचे सल्ले आता बहुतेकांना पाठ आहेत. रात्रीऐवजी दुपारी जा, सेट मेन्यू घ्या, पेयं टाळा, कूपन शोधा. ही सगळी ग्राहकाची हुशारी वाटते, पण यातल्या बहुतेक वाटा मुळात रेस्टॉरंटवाल्यांनीच पाडलेल्या आहेत. रिकाम्या खुर्च्या, वाया जाणारं अन्न आणि नोकरांचे पगार ही त्यांची जुनी दुखणी. ग्राहकाने काहीतरी सोडावं आणि त्या बदल्यात मालकाने दरात सूट द्यावी, असा हा सौदा आहे. ग्राहकाने नेमकं काय सोडायचं, ते मात्र काळाप्रमाणे बदलत गेलं.

अठराव्या शतकात युरोपातल्या खाणावळींत ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकाच लांब टेबलाशी बसायचं, समोर येईल ते खायचं आणि एकच ठरावीक दर द्यायचा, अशी पद्धत होती. उशिरा येणाऱ्याला किंवा भिडस्त माणसाला उरलंसुरलं मिळायचं. १७६०च्या दशकात पॅरिसमध्ये रेस्टॉरंट नावाचा नवा प्रकार सुरू झाला. वेगळं टेबल, हवी ती वेळ आणि पुढे किमती लिहिलेला मेन्यू. आपण किती खर्च करायचा हे जेवणारा स्वतः ठरवू लागला, आणि त्याबरोबर बिल हाताबाहेर जाण्याची सोयही झाली. पैसे वाचवण्याचा प्रश्न खरा सुरू होतो तो इथून.

त्यावरचा पहिला तोडगा म्हणजे जुन्या पद्धतीकडे अर्धं वळण. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या पाले-रोयाल भागात ठरावीक दरात जेवण देणारी रेस्टॉरंटं निघाली. टेबल वेगळं, पण पदार्थांची निवड मोजकी. यात मालकाचं गणित साधं होतं. काय खपणार हे आधीच माहीत असलं की बाजारहाट नेमकी करता येते आणि नासाडी घटते. आजचा सेट मेन्यू याच हिशेबावर चालतो, त्यामुळे तो स्वस्त असतो म्हणजे निकृष्ट असतोच असं नाही.

पॅरिसमध्येच ड्युव्हाल नावाच्या एका खाटकाने १८५५च्या सुमारास हा विचार पुढे नेला. त्याच्याकडे मांसाचे असे भाग उरत, जे श्रीमंत गिऱ्हाईक घेत नसे. बाजारात राबणाऱ्या मजुरांसाठी त्याने त्या मांसाचा गरम रस्सा आणि उकडलेलं मांस विकायला सुरुवात केली. त्याच्या दुकानांना ‘बुयाँ’ म्हणत. ड्युव्हालने ते पुढे शिस्तबद्ध साखळीसारखं वाढवलं: एकसारख्या गणवेशातल्या वाढपी बायका, सगळीकडे सारखे दर आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड, ज्यावर घेतलेल्या पदार्थांची नोंद होई. नॅपकिन हवा तर त्याचेही वेगळे पैसे! आजच्या स्वस्त विमान कंपन्यांची आठवण व्हावी असा हा खाक्या. १९००च्या सुमारास पॅरिसमध्ये अशी जवळपास अडीचशे बुयाँ होती असं सांगतात. १८९६ साली सुरू झालेलं ‘बुयाँ शार्तिए’ अजून चालू आहे.

अमेरिकेतली वाट वेगळी आणि जास्त बेरकी होती. १८७०नंतर तिथल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये ‘फुकट लंच’चं पेव फुटलं. एक पेला बिअर विकत घ्या आणि काउंटरवर मांडलेलं हवं ते खा. मांडलेलं काय असायचं? हॅम, चीज, खारवलेले मासे, म्हणजे तहान वाढवणारे पदार्थ. खर्च पेयातून वसूल होई. संयमी मजुराचं एका नाण्यात पोट भरे, पण एका पेल्यावर थांबून खात राहणाऱ्यांना बाहेर काढायलाही माणसं ठेवलेली असत. १९२०मध्ये देशभर दारूबंदी आली आणि ही प्रथा बुडाली. पेयांवरचा नफा जेवणाच्या दराला आधार देतो हे तत्त्व मात्र कुठेच गेलं नाही. ‘पेय मागवू नका’ हा सल्ला म्हणूनच सगळ्यांत खात्रीचा, आणि मालकांचा सगळ्यांत नावडता.

वेटर वगळून पैसे वाचवायचे, हा विसाव्या शतकाचा ध्यास. १८९५मध्ये बर्लिनमध्ये नाणं टाकून पदार्थ घेण्याची यंत्रं लावलेलं ‘ऑटोमॅट’ सुरू झालं. हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीने १९०२ साली ते फिलाडेल्फियात आणलं आणि १९१२मध्ये न्यूयॉर्कला. पाच सेंटचं नाणं टाकायचं, काचेचं छोटं दार उघडायचं, पदार्थ काढून घ्यायचा. १९३०च्या दशकातल्या मंदीच्या काळात कारकून, मजूर आणि बेकार नट एकाच टेबलावर बसत, आणि टिप देण्याची कटकट नसे. पण यंत्राने मालकाचेही हात बांधले. नाणं पाच सेंटचंच, त्यामुळे कॉफीचा दर सहा किंवा सात सेंट करताच येईना. महागाई झेपेनाशी झाल्यावर १९५०मध्ये तो एकदम दहा सेंट करावा लागला. शेवटचं ऑटोमॅट १९९१ साली बंद पडलं. तोवर मॅकडॉनल्ड बंधूंनी हेच काम यंत्राशिवाय करून दाखवलं होतं. १९४८मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या सॅन बर्नार्डिनोच्या रेस्टॉरंटमधल्या गाडीपाशी खाणं पोचवणाऱ्या मुलींना कामावरून काढलं, मेन्यू नऊ पदार्थांवर आणला, काचेची-चिनी मातीची भांडी काढून कागद आणला आणि हॅम्बर्गर पंधरा सेंटला विकायला लागले.

सरकारनेही यात हात घातला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४२ साली रेस्टॉरंटच्या जेवणावर पाच शिलिंगची कमाल मर्यादा घातली गेली आणि पदार्थही तीनच. हेतू समतेचा होता, पण आलिशान हॉटेलांना जागेचं वेगळं शुल्क लावायची परवानगी मिळाली आणि दारूला मर्यादाच नव्हती. दर बांधला की तो दुसरीकडून फुगतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. युद्धानंतर तिथेच नोकरदारांना जेवणाची व्हाउचरं करमाफीसह मिळू लागली. ही माफी रोजच्या तीन शिलिंगवर, म्हणजे दशमान नाण्यांत पंधरा पेन्सवर, थिजून राहिली आणि २०१३मध्ये रद्द झाली. तोवर पंधरा पेन्समध्ये चहासुद्धा येत नव्हता.

वेळ सोडून पैसे वाचवण्याची रीत तर अजून जोरात आहे. स्वयंपाकघर आणि भाडं दिवसभर चालूच असतं, गर्दी मात्र दोन-तीन तासच होते. म्हणून संध्याकाळी लवकर येणाऱ्यांना सूट, ठरावीक वेळी दारू स्वस्त देणारा हॅपी अवर, आठवड्याच्या मधल्या दिवसांचे देकार. हॅपी अवरमुळे लोक भराभर पितात म्हणून मॅसेच्युसेट्सने १९८४मध्ये आणि आयर्लंडने २००३मध्ये त्यावर बंदी घातली. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं, तेव्हा नावाजलेल्या रेस्टॉरंटांनी दुपारचं जेवण १९.९२ डॉलरला देऊन पाहिलं. अधिवेशन संपलं, ‘रेस्टॉरंट वीक’ राहिला आणि जगभरच्या शहरांनी उचलला.

कूपनांची गोष्ट थोडक्यात आटोपते, पण तिचं गणित बघण्यासारखं आहे. १९६२मध्ये डेट्रॉइटमध्ये ‘एकावर एक फुकट’ छापाच्या सवलतींचं पुस्तक विकायला सुरुवात झाली. २००८मध्ये शिकागोत ग्रुपॉन या इंटरनेटवर कूपनं विकणाऱ्या कंपनीने पहिली सवलत विकली तीही एका पिझ्झाच्या पैशांत दोन अशीच. नंतरचा नेहमीचा करार असा: शंभरचं जेवण पन्नासला विकायचं आणि त्यातलं साधारण अर्धं ग्रुपॉनने ठेवायचं. रेस्टॉरंटच्या हाती पंचवीसच. कच्च्या मालावरच विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खर्च होत असेल, तर प्रत्येक कूपन तोट्याचं. नवा माणूस पुन्हा पूर्ण दराने येईल ही आशा, आणि सवलतीवर डोळा ठेवून येणारा माणूस मुळात ती आशा पुरी करायला आलेला नसतो.

उरलेल्या अन्नाकडे लक्ष सगळ्यांत उशिरा गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अन्नटंचाईमुळे, अमेरिकेतल्या काही रेस्टॉरंटांनी उरलेलं घरी न्यायला पिशव्या द्यायला सुरुवात केली, तीही कुत्र्यासाठी म्हणून, कारण स्वतःसाठी मागायची लाज वाटे. फ्रान्समध्ये तर २०२१पासून ग्राहकाने मागितल्यास डबा देणं रेस्टॉरंटांना कायद्याने बंधनकारक आहे. त्याच देशात १९६७च्या एका आदेशाने जेवणाच्या दरात पाव आणि साधं पाणी धरलेलंच आहे. तरी बाटलीबंद पाणी खपत राहिलं, तेव्हा २०२२पासून साधं पाणी फुकट मागता येतं हे मेन्यूवर किंवा फलकावर लिहिणं सक्तीचं करावं लागलं.