महिला बचत गट (मराठवाडा)

एका गावातल्या, शक्यतो एकाच गल्लीतल्या किंवा वस्तीवरच्या १० ते २० बायकांनी दरमहा ठरलेली रक्कम साठवायची आणि त्या साठ्यातून एकमेकींना कर्ज द्यायचे, यासाठी स्वेच्छेने उभारलेली संघटना म्हणजे महिला बचत गट. सदस्यसंख्या २० च्या वर गेली की पूर्वी नोंदणीचा प्रश्न येत असे, म्हणून गट त्या आतच ठेवण्याची पद्धत पडली. व्यवहारात १०-१२ जणींचा गट सांभाळायला सोपा जातो. अध्यक्ष आणि सचिव गटातल्याच असतात आणि त्यांना पगार नसतो. भिशीशी गटाची गल्लत करू नये. भिशीत प्रत्येकीचा नंबर लागला की फेरा संपतो. गटाचा निधी मात्र गटातच राहतो आणि वाढतो.

नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक) १९९२ मध्ये ५०० गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून या कामाला देशभर आकार आला. मराठवाड्यात त्याला वेगळे वळण दिले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने. पुढच्या घरदुरुस्ती कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून गावोगाव काम करू लागल्या. घराचे मोजमाप, सिमेंटचा हिशेब, हप्ता कधी मिळणार हे गावाला समजावून सांगणे त्यांच्याकडे आले. लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) भागातल्या अनेक मंडळांचे पुढे बचत गट झाले. राज्यात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान हे गटांचे दोन मोठे सरकारी आधार आहेत. उमेदमध्ये गावातले गट मिळून ग्रामसंघ होतो आणि ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ.

गटाचा खरा कणा मासिक बैठक. तारीख ठरलेली असावी आणि जागा सगळ्यांना मोकळी वाटेल अशी असावी: समाजमंदिर, अंगणवाडीची ओसरी किंवा पार. सरपंचाच्या वाड्यावर बसणारा गट निवडणुकीच्या वर्षी फुटतो. बायका गोल बसतात. हजेरी होते, मागचा ठराव वाचला जातो, मग बचत, परतफेड आणि उशिराचा दंड जमा होतो. पैसे सर्वांसमोर मोजून शिल्लक मोठ्याने सांगायची आणि मगच कर्जाची मागणी घ्यायची. हा क्रम उलटा करू नये. आधी मागणी घेतली की परतफेड चुकवणारी बाईसुद्धा मागणी टाकून बसते. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे. बँकेचे खाते तिघींच्या नावे असते, पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात.

हिशेब असा चालतो. १२ जणींची दरमहा १०० रुपये बचत म्हणजे महिन्याला १,२०० आणि सहा महिन्यांत ७,२०० रुपये. अंतर्गत कर्जाचा दर बहुतेक गटांत दरमहा शेकडा २ असतो. ५,००० रुपये घेतले आणि ५०० प्रमाणे दहा महिन्यांत फेडले, तर घटत्या बाकीवर पहिल्या महिन्याला १०० रुपये व्याज, दुसऱ्याला ९०, असे उतरत जाऊन एकूण ५५० होते. तेच व्याज मूळ रकमेवर सरसकट लावले तर १,००० रुपये. कितीतरी गटांत हा फरक न कळल्याने बायका जवळजवळ दुप्पट व्याज भरत असतात, आणि वही लिहिणारीलाही ते माहीत नसते. शेकडा २ हा दर स्वस्त नाही. पण व्याज सावकाराच्या घरी न जाता गटाच्याच पेटीत पडते, हा त्यातला मुद्दा.

वह्या पाच लागतात: हजेरी व ठराव, रोकड, बचत-कर्जाची खतावणी, सर्वसाधारण खतावणी आणि प्रत्येकीचे पासबुक. लिहिणारी सहसा गटातली दहावी-बारावी झालेली सून असते. ती बाळंतपणाला माहेरी गेली की तीन महिने वही कोरी राहते आणि मग सगळे एका बसणीत आठवून लिहिले जाते. भांडणाचे मूळ हेच. बैठकीतच लिहायचे, घरी नेऊन नाही, आणि दुसरी एक जण सुरुवातीपासून शिकवून ठेवायची, एवढा यावर उपाय आहे.

साधारण सहा महिने गट नियमित चालला की बँक त्याची प्रतवारी करते. खाते उघडताना सगळ्या सदस्यांची नव्हे, फक्त पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे पुरतात. शाखेत सगळ्यांची मागितली तर हे सांगावे. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानातल्या (राज्यात ‘उमेद’) गटाला पहिले कर्ज निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांपैकी जे जास्त असेल ते देण्याची तरतूद आहे. धोका इथेच आहे. ७,२०० रुपये फिरवण्याची सवय असलेल्या हातात एकदम वीस पटींहून जास्त रक्कम येते. मग सोपा मार्ग म्हणून ती सारखी वाटली जाते, प्रत्येकीला १२,५००. जिला शेळ्या घ्यायच्या तिला ते अपुरे पडतात आणि जिला गरजच नव्हती तिच्या घरून ते नवऱ्याच्या मोटारसायकलच्या हप्त्यात जातात. हप्ता मात्र गटाचा असतो. आधी अंतर्गत कर्ज दोन-तीनदा फिरवलेले गट इथे टिकतात.

बीड जिल्ह्यात आणि लगतच्या तालुक्यांत ऊसतोडीचे स्थलांतर हे गट मोडण्याचे मोठे कारण. मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन नवरा-बायकोचा कोयता (तोडणारी जोडी) दसरा-दिवाळीनंतर फडावर जातो, परततो तो उन्हाळ्यात. अशा गावात सहीच्या तिघींपैकी निदान दोघी गावात राहणाऱ्या असाव्यात. उचल हातात पडते तेव्हाच सहा महिन्यांची बचत (वरच्या उदाहरणात ६०० रुपये) आगाऊ भरून घेतात आणि कर्जाची परतफेड हंगामानंतरच्या महिन्यांत लावतात. सगळ्यांना एकच वेळापत्रक लावले की तोडीला गेलेल्या बाईच्या नावावर थकबाकी चढते आणि परतल्यावर ती बैठकीला येत नाही.

दारापर्यंत कर्ज आणून देणाऱ्या वित्त कंपन्याही आपल्या कर्जदार बायकांना ‘गट’च म्हणतात. तो बचत गट नव्हे. तिथे सामाईक निधी नसतो, ठराव नसतो. एकमेकींची हमी असते आणि वसुली असते. एकच बाई दोन्हीकडे असेल तर आधी कंपनीचा हप्ता जातो, कारण वसुलीवाला दारात बसतो. गटाच्या पैशाला तसे कोणी मागत नाही.

पैशापलीकडच्या कामात दारूचे दुकान बंद करणे हे सर्वांत अवघड. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे द्यावा लागतो. सह्यांची पडताळणी होते, मग ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे गुप्त मतदान: उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. ६०० महिला मतदार असतील तर ३०१ हव्यात. ५०० जणींनी मत दिले आणि २९० आडवीला पडली तरी दुकान चालूच राहते. म्हणून तोडीला गेलेल्या बायका गावात असतील अशा दिवसांतच मतदान व्हावे, असा आग्रह गट धरतात, आणि यादीतली मयत व लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे आधी कमी करून घेतात. ही तरतूद फक्त परवानाधारक दुकानाला लागू आहे. हातभट्टीसाठी पोलीस ठाणेच गाठावे लागते.