टी-ग्रुप आणि त्याचा ट्रेनर

टी-ग्रुप म्हणजे ट्रेनिंग ग्रुप: माणसं ग्रुपमध्ये कशी वागतात हे अनुभवातून शिकण्यासाठीचा, साधारण ८ ते १२ जणांचा, अजेंडा नसलेला ग्रुप. चर्चेचा विषय ग्रुप स्वतःच, आणि सोबतचा ट्रेनर (हल्ली सरसकट फॅसिलिटेटर म्हणतात) शिकवतही नाही आणि अध्यक्षही होत नाही. हे गप्प राहून चालवणं ट्रेनर लोक शिकले कुणाकडून, हा वादाचा मुद्दा आहे.

रूढ कथा अशी की १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटनला वांशिक तेढीवर काम करणाऱ्यांसाठी वर्कशॉप झालं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट, लेलँड ब्रॅडफर्ड आणि केनेथ बेन ही मुख्य मंडळी. स्टाफ रात्री बसून दिवसभराच्या निरीक्षणांवर बोलायचा, तिथे काही सहभागी आम्हीही बसू का म्हणत आले, लेविननी बसू दिलं, मग एक बाई म्हणाल्या की तुम्ही सांगताय तसं झालंच नव्हतं आणि तिथून खरी चर्चा पेटली. फीडबॅकचा जन्म इथला मानतात. लेविन फेब्रुवारी १९४७ मध्ये वारले, त्यामुळे त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेलला सुरू झालेली लॅब (टी-ग्रुपांचं शिबिर) बाकीच्या तिघांनी चालवली. हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट अशा तीन प्रकारच्या लीडरखाली मुलांचे क्लब कसे वागतात याचे प्रयोग लेविन आणि लिपिटनी आयोवात त्याआधीच, १९३० च्या दशकाच्या शेवटी केले होते, म्हणजे ट्रेनरने किती हात घालायचा हा प्रश्न जुनाच.

सायकोड्रामावाले (नाट्यातून मानसोपचार करणारे) जेकब मोरेनो मात्र म्हणत राहिले की हे सगळं माझ्याकडून नेलंय. लिपिट, ब्रॅडफर्ड यांचा न्यूयॉर्कजवळच्या बीकनमधल्या त्यांच्या कामाशी संबंध होता आणि मोरेनोंच्या नियतकालिकात या मंडळींचे लेखही आले, त्यामुळे तक्रार अगदीच हवेतली नाही. रोल-प्ले तर उघडच मोरेनोंचा. पण ग्रुपमध्ये आत्ता काय घडतंय तेच अभ्यासाला घ्यायचं, ही कल्पना न्यू ब्रिटनची धरणं जास्त सयुक्तिक वाटतं.

ब्रिटनमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेची धारा मनोविश्लेषक विल्फ्रेड बायन यांच्यापासून निघाली (लेस्टरची पहिली कॉन्फरन्स १९५७). तिथला कन्सल्टंट (म्हणजे ट्रेनरच) आणखी अलिप्त, एकेकट्या माणसाशी न बोलता अख्ख्या ग्रुपबद्दल बोलणारा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा एन्काउंटर ग्रुप याच्या उलट, तिथे लीडरने स्वतःचं मनही उघडं करायचं.

पण गुरूच्या घराण्यावरून ट्रेनर ओळखता येतो का? लीबरमन, यालोम आणि माइल्स यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास (प्रसिद्धी १९७३) म्हणतो, फारसा नाही. एकाच पंथाचे दोन लीडर एकमेकांपासून पार वेगळे वागले. जे जिव्हाळा देत आणि घडलेल्याचा अर्थ लावून देत, पण भावना भडकवणं आणि सूत्रं हातात ठेवणं बेतानेच करत, त्यांचे ग्रुप चांगले निघाले. सगळ्यात जास्त इजा आक्रमक, करिश्मा असलेल्या लीडरांकडे झाली. काही ग्रुपांना तर लीडरच नव्हता, टेपवरच्या सूचना होत्या, आणि त्यांचं फार काही बिघडलं नाही!

भारतात रॉल्फ लिंटन आणि उदय पारीक यांचं ट्रेनिंगवरचं काम १९६० च्या दशकातलं, आणि १९७२ मध्ये इंडियन सोसायटी फॉर अप्लाइड बिहेविअरल सायन्स स्थापन झाली. इथे ट्रेनर व्हायचं तर आधी स्वतः सहभागी म्हणून लॅब करायच्या, मग सीनिअरबरोबर बसायचं.

एन्काउंटर ग्रुपांचं महाराष्ट्रातलं सर्वात गाजलेलं उदाहरण पुण्याच्या रजनीश आश्रमाचं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथले एन्काउंटर ग्रुप पाश्चात्त्य थेरपिस्ट चालवायचे आणि त्यात मारामारीही व्हायची. कॅलिफोर्नियातल्या इसालेन या अशाच ग्रुपांसाठी प्रसिद्ध केंद्राचे सहसंस्थापक रिचर्ड प्राइस त्यावर टीका करून निघून गेले. १९७९ च्या सुरुवातीला आश्रमाने ग्रुपमधली हिंसा थांबवल्याचं जाहीर केलं, पण ग्रुप चालूच राहिले.