जुनी दारू आणि बिघडलेली दारू

घरी काडतुसं भरणाऱ्यांमध्ये एक गल्लत कायम दिसते. बंदुकीच्या दारूचा डबा वीस वर्षांचा आहे, म्हणजे आतली दारू बिघडलीच, असं कुणी धरून चालतो. डबा अलीकडचा आहे म्हणून दुसरा निर्धास्त असतो. दोघंही तारखेकडे बघतायत. बघायचं असतं ते आम्लाकडे.

आजच्या काडतुसांत भरतात त्या धूरविरहित दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापसासारखा तंतू. त्याचं विघटन पहिल्या दिवसापासून अगदी सावकाश चालूच असतं आणि त्यातून आम्ल तयार करणारी नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात. ती टिपून घ्यायला दारूत डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक थोड्या प्रमाणात मिसळतात. तो संपला की हीच ऑक्साइडं विघटनाला आणखी जोर देतात, उष्णता साठते आणि मोठा साठा आपोआप पेटूही शकतो. तुलाँ बंदरात १९०७ साली ‘इएना’ आणि १९११ साली ‘लिबर्ते’ या फ्रेंच युद्धनौका स्फोटात गेल्या, त्याचा ठपका अशाच बिघडलेल्या दारूवर आला. थंड, कोरड्या जागी घट्ट झाकणात राहिलेली दारू मात्र कित्येक दशकं टिकते. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमधली त्याच्या कितीतरी आधी जाते.

ओळखायचं कसं? आधी वास. डबा नाकाला लावू नका, झाकण उघडून हाताने थोडी हवा आपल्याकडे घ्या. ईथर, अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखा वास आला तर तो दारू बनवताना वापरलेल्या द्रावकाचा आहे. तो उग्र असला तरी घाबरायचं कारण नाही. बिघडलेल्या दारूचा दर्प आंबट, नाकाला झोंबणारा असतो.

मग चिमूटभर दाणे पांढऱ्या कागदावर ओता. बोटाला काळपट, चकचकीत काही लागलं तर ते दाण्यांवरचं ग्रॅफाइट, ते बिघाडाचं लक्षण नाही. दाण्यांमध्ये गंजासारखी तांबूस भुकटी दिसली तर दारू गेली. पत्र्याचा डबा फक्त बाहेरून गंजला असेल तर दोष बहुधा दमट हवेचा. झाकण आतून खाल्लेलं असेल तर दोष दारूचा. डब्यातून तांबूस वाफ निघताना दिसली तर पुढची तपासणी करत बसू नका.

‘बिघडली तरी फार तर जोर कमी होईल’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. अशी दारू कशी जळेल याचा भरवसा उरत नाही. दाब वाढूही शकतो. तिचं आम्ल काडतुसाची पितळी पुंगळीही आतून खातं. म्हणून मात्रा कमी करून किंवा चांगल्या दारूत मिसळून ती वापरू नका.

काळ्या दारूला हे निकष लागू नाहीत. ती सोरा, कोळसा आणि गंधकाची. तिचा शत्रू ओल. आणि लेबल नसलेली दारू, वास कितीही चांगला असो, भरायची नाही. दाणे बघून जात ओळखता येत नाही.

शंका आलेला डबा बाकीच्या साठ्यातून लगेच बाजूला काढा. तो कचऱ्यात किंवा गटारात टाकू नका; विल्हेवाट कशी लावायची ते उत्पादकाला किंवा अग्निशमन दलाला विचारा.