सोनार बंद का पडायचं? पाणी, रबर आणि एरंडेल

सोनार, म्हणजे आवाज सोडून पाण्याखालच्या वस्तू शोधणारं यंत्र, बिघडलं म्हटलं की आधी इलेक्ट्रॉनिक्सवर संशय जातो, पण इतिहास बघाल तर पाण्याखालच्या ट्रान्सड्यूसरने, म्हणजे विजेचा आवाज आणि आवाजाची वीज करणाऱ्या भागाने, जास्त छळलंय, आणि बऱ्याचदा कारण एकच, आत शिरलेलं पाणी.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँने पोलादी प्लेटांमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे वीज दिली की थरथरणारा क्रिस्टल, बसवून ट्रान्सड्यूसर केला. क्वार्ट्झ दणकट, पाण्याने त्याला काही होत नाही, पण सिग्नल कमी. अमेरिकन नेव्हीने मग रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा क्रिस्टल वापरला, तो जोरदार चालतो पण पाण्यात चक्क विरघळतो आणि 55 अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की कामातून गेलाच, आणि असला क्रिस्टल समुद्रात सोडायचा! म्हणून तो सीलबंद डब्यात, भोवती एरंडेल. हो, आपलं तेच एरंडेल, कारण ते वीज वाहू देत नाही, रबराला फारसं खात नाही आणि आवाज त्यातून जवळपास समुद्राच्या पाण्यासारखाच जातो. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर बेरियम टायटनेट, मग 1950 च्या दशकात पीझेडटी अशी तेच काम करणारी सिरॅमिक आली आणि विरघळायची भानगड मिटली.

पाणी मात्र शिरतच राहिलं. रबर वॉटरप्रूफ वाटतं खरं, पण पाण्याचे रेणू त्यातून वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतात, केबलच्या जोडातून आणि कनेक्टरमधून तर त्याहून लवकर. आत ओल साचली आणि वर हाय व्होल्टेज, की सिरॅमिकच्या कडेवरून ठिणगी उडते आणि तो सिरॅमिकचा तुकडा गेला. बरं, ट्रान्सड्यूसर बसवलेला जहाजाच्या बुडाशी, त्यामुळे बदलायचा तर अनेकदा जहाजच सुक्या गोदीत घ्यावं लागतं.

1970 च्या दशकात अमेरिकन नेव्हीने यासाठी वेगळा प्रोग्रॅमच काढला, सोनार ट्रान्सड्यूसर रिलायबिलिटी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम, आणि त्याचं बरंचसं काम नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीच्या फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या शाखेत झालं. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की त्यांनी नव्या क्रिस्टलमागे न धावता रबर, तेल, केबल, कनेक्टर असल्या दुर्लक्षित गोष्टी एकेक करून तपासल्या. शिवाय अख्ख्या ट्रान्सड्यूसरवर प्रवेगक टेस्ट, म्हणजे अनेक वर्षांची झीज उष्णता वगैरे वापरून थोड्या काळात घडवून आणायची. यात तापमान वाढवलं की पाणी भराभर झिरपतं हे बरोबर, पण फार वाढवलं तर समुद्रात कधीच सुटला नसता असा चिकटवलेला जोडही सुटतो आणि मग त्या टेस्टवरून आयुष्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून नेमकं किती तापवायचं हे ठरवणंच अवघड काम.