नळी आखूड, मग काडतूस कोणतं?

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत इन्सास रायफलीची काडतुसं बनतात. पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांच्याच जातीचं एक धाकटं काडतूस बनतं. दोन्हींच्या नावात ५.५६ मिलिमीटर हे नळीच्या आतल्या व्यासाचं माप आहे, फरक पुढच्या आकड्यात आहे. थोरल्याची पितळी पुंगळी ४५ मिलिमीटर लांब, धाकट्याची ३०. म्हणजे माप तेच आणि दारू बरीच कमी. जास्त दारू म्हणजे जास्त ताकद अशी आपली समजूत असते. मग संरक्षण संशोधन करणाऱ्यांनी मुद्दाम दारू कमी का केली असेल? या प्रश्नाचं उत्तर बंदुकीच्या नळीत आहे, आणि आखूड कार्बाइनचं सगळं शास्त्र त्याच उत्तराभोवती फिरतं.

कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, हलकी रायफल. ती लागते कुणाला? ज्याचं मुख्य काम गोळी झाडणं नाही, पण वेळ आली तर जीव वाचवायला हाताशी काहीतरी हवं, अशा माणसाला. ट्रकचालक, रणगाड्यातले जवान, तोफेवरचे गोलंदाज, सिग्नलची माणसं, व्हीआयपींच्या संरक्षणातले पोलीस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं नेमका हाच विचार करून १९४१ मध्ये एम१ कार्बाइन स्वीकारली. वजन जेमतेम अडीच किलो. ती साठ लाखांवर बनली. तिच्यासाठी रायफलीचं काडतूस कापून-छाटून घेतलं नव्हतं, वेगळं लहान काडतूस तयार केलं होतं. हा शहाणपणा पुढे बरीच वर्षं विस्मरणात गेला.

आता नळीच्या आत काय घडतं ते पाहू. चाप ओढला की पुंगळीतली नायट्रोसेल्युलोजची दारू पेटते. ती एका झटक्यात फुटत नाही, जळत जाते. आणि दाब वाढेल तसा तिचा जळण्याचा वेगही वाढतो. रायफलीच्या ५.५६ काडतुसात हा दाब सुमारे ३८० मेगापास्कलपर्यंत चढतो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक. गोळी काही सेंटिमीटर सरकते न सरकते तोच हा कळस गाठला जातो. तिथून पुढे वायू प्रसरण पावत गोळीला ढकलत राहतो आणि दाब उतरत जातो. हा सगळा खेळ साधारण एका मिलिसेकंदात आटोपतो. नळी जितकी लांब, तितका वेळ गोळीमागे वायूचा रेटा.

५.५६ बाय ४५ हे काडतूस घडलं ते एम१६ रायफलीच्या २० इंची, म्हणजे सुमारे ५०८ मिलिमीटर नळीसाठी. तिच्यातून नाटोची चार ग्रॅमची एम८५५ गोळी सेकंदाला साधारण ९४० मीटर वेगानं निघते. तेच काडतूस १०.३ इंची, म्हणजे २६२ मिलिमीटर नळीच्या एमके१८ कार्बाइनमधून झाडलं, तर वेग ७८५ मीटरच्या आसपास उतरतो. घट सहाव्या हिश्श्याची. ऐकायला फार वाटत नाही. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हिशेब मांडला तर पहिल्या नळीतून सुमारे १७७० ज्यूल बाहेर पडतात आणि दुसऱ्या नळीतून १२३०. जवळजवळ तीस टक्के ऊर्जा गेली.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकी सैन्यातले शल्यविशारद मार्टिन फॅकलर यांनी १९८० च्या दशकात बॅलिस्टिक जिलेटिनच्या, म्हणजे मांसासारख्या मऊ पदार्थाच्या, ठोकळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली. ५.५६ ची हलकी गोळी परिणामकारक ठरते ती मुख्यतः वेगामुळे. साधारण ८२० मीटरच्या वर असेल तरच ती लक्ष्यात आडवी होऊन तुटते. त्याखाली तिचा भरवसा कमी होत जातो. आखूड नळीतून ती तोंडाशीच या मर्यादेखाली असते. कागदावर तीच गोळी, तेच काडतूस. प्रत्यक्षात मात्र वेगळंच शस्त्र.

उरलेली ऊर्जा जाते कुठे? गोळी लवकर बाहेर पडल्यामुळे वायूचा दाब उतरायला वेळच मिळालेला नसतो. वाफ दबायच्या आत कुकरचं झाकण उघडावं, तसा तो नळीच्या तोंडाशी मोकळा होतो. मोठा जाळ, मोठा आवाज आणि चेहऱ्यावर आदळणारी दाबलाट. क्षणिक आवाजासाठी कानाची धोक्याची पातळी १४० डेसिबल मानतात. रायफलीचा बार १६० च्या पुढे जातो, आणि डेसिबलचं माप असं की वीस अंक वाढले तर ध्वनिदाब दहापट होतो. कार्बाइन वापरायची कुठे, तर गाडीत, जिन्यात, बंद खोलीत. तिथे हा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. अंधारात तो जाळ झाडणाऱ्याचेच डोळे दिपवतो. शस्त्राच्या जाहिरातीत हे फारसं दिसत नाही; ते हाताळणाऱ्यांच्या कानांना मात्र जन्मभर पुरतं.

यंत्रणेवरचा परिणाम मला सगळ्यात रोचक वाटतो. बहुतेक स्वयंचलित रायफली नळीतला थोडा वायू एका भोकातून वळवून घेतात आणि त्याच्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचं काडतूस भरतात. गोळी त्या भोकापुढून गेल्यापासून नळीबाहेर पडेपर्यंतच वायूचा जोर मिळतो. नळी छाटली की हा अवधी आक्रसतो, आणि मग वायू कमी वेळात पण जास्त दाबानं घ्यावा लागतो. त्यामुळे भाग जोरानं आपटतात, लवकर झिजतात, पुंगळी पुरती सैल व्हायच्या आधीच खेचली जाते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं एम१६ ची नळी १० इंचांपर्यंत आखूड करून एक्सएम१७७ बनवली तेव्हा हे सगळं एकदम समोर आलं. जाळ आणि आवाज असह्य म्हणून तोंडाला सव्वाचार इंचांचं नळकांडं बसवलं. त्यानं आवाज कमी केला, शिवाय नळीतला दाब थोडा अधिक वेळ रोखून धरला, आणि त्यामुळे शस्त्र नीट चालू लागलं. पुढच्या आवृत्तीत नळीच दीड इंचानं वाढवावी लागली. म्हणजे लांबी कमी करायची म्हणून कापलेल्या नळीत पुन्हा लांबी जोडण्याची वेळ आली.

एक गैरसमज इथेच दूर करतो. आखूड नळी म्हणजे कमी अचूक, असं सरसकट खरं नाही. आखूड नळी उलट ताठ असते, बार होताना कमी थरथरते. जुन्या लोखंडी माशीनं नेम धरताना मात्र पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर घटल्यामुळे हाताची चूक जास्त जाणवते. लाल ठिपक्याच्या ऑप्टिकल साइट आल्यावर ही अडचण बरीचशी मिटली.

नळी आखूडच हवी असेल, तर काडतूस तिच्या मापानं आखायला हवं. नाटोनं १९८० च्या दशकाच्या शेवटी ९ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसाला पर्याय शोधायला घेतला तो याच वाटेनं. ९ मिलिमीटरची दारू झटपट जळते, तिला लांब नळी लागतच नाही, हा तिचा गुण. पण जाड, संथ गोळी केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याच्या चिलखतापुढे अडते. नाटोनं परीक्षेसाठी १.६ मिलिमीटर टायटॅनियमचा पत्रा आणि त्यामागे केव्हलारचे वीस थर असं लक्ष्य ठरवलं. बेल्जियमच्या एफएन कंपनीनं त्यासाठी ५.७ बाय २८ काडतूस आणि पी९० हे शस्त्र दिलं. नळी २६३ मिलिमीटर, एकूण लांबी अवघी अर्धा मीटर, गोळीचा वेग ७१५ मीटर. लांबी एवढी कमी, कारण पी९० मध्ये यंत्रणा दस्त्यातच सामावली आहे. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखनं ४.६ बाय ३० चं काडतूस आणि एमपी७ आणली, नळी फक्त १८० मिलिमीटर. अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झालेलं .३०० ब्लॅकआऊट हे काडतूस उलट्या बाजूनं त्याच जागी पोचलं: पुंगळी ३५ मिलिमीटरची, गोळी जाड आणि जड, दारू झपाट्यानं जळणारी, म्हणजे नऊ इंचांच्या नळीतच तिचं काम जवळपास पुरं होतं.

पुण्याचं ५.५६ बाय ३० काडतूस याच विचाराचं अपत्य आहे. पाषाणची एआरडीई ही डीआरडीओची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा, इन्सास तिचीच. इन्सासच्या कुटुंबात रायफल, एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशी तीन शस्त्रं यायची होती. पहिली दोन आली, कार्बाइन रखडली, आणि आपले जवान-पोलीस ब्रिटिश स्टर्लिंगच्या घराण्यातली ९ मिलिमीटरची जुनी कार्बाइन वापरत राहिले. त्यातून पुढे धाकट्या काडतुसाची जेव्हीपीसी (जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन) ही संरक्षक कार्बाइन घडली. वजन सुमारे तीन किलो, मिनिटाला ७०० हून अधिक फैरींचा वेग, १०० मीटरच्या पुढे परिणामकारक पल्ला. मॅगझिन मुठीत बसतं, त्यामुळे लांबी वाचते. धक्का इतका कमी की एका हातानंही झाडता येते. ती बनते कानपूरला.

७ डिसेंबर २०२० रोजी तिच्या लष्करी चाचण्यांचा अखेरचा टप्पा पार पडला. उन्हाळ्यातली टोकाची उष्णता आणि हिवाळ्यातली उंच डोंगराळ थंडी, दोन्हींत तिला तपासलं होतं. हवामानाची ही जोडी मुद्दाम निवडतात. दारू तापलेली असली की वेगानं जळते, दाब चढतो. गारठली की मंद जळते आणि यंत्रणा फिरवायला वायू अपुरा पडू शकतो. आखूड नळीत चुकीला जागाच थोडी, म्हणून तिथे हे टोक जास्त बोचतं. गोळीचा वेग रडारनं किंवा दोन प्रकाशपडद्यांमधून जाण्याच्या वेळेवरून मोजतात, नळीतला दाब पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबाचं विजेत रूपांतर करणाऱ्या, संवेदकानं. पण माझ्या मते कार्बाइनची खरी परीक्षा हजारो फैरींनंतरची आहे: धूळ, चिखल, पाऊस यांतून जाऊनही ती अडकते किती वेळा, एवढ्याच आकड्यावर मी तिला जोखीन. वेगाच्या पाच-दहा मीटरांनी कुणाचा जीव वाचत नाही, अडकलेल्या पुंगळीनं मात्र जातो.

नळी आखूड करण्याचा हा उद्योग प्रयोगशाळेबाहेरचा नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या सहाव्या कलमानं परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं गुन्हा आहे. अमेरिकेतही १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीची सरकारकडे वेगळी नोंद लागते. या बंधनाचं मूळ १९३४ च्या कायद्यात आहे. लपवायला सोपं शस्त्र गुन्हेगाराच्या सोयीचं, हे त्यामागचं साधं कारण.

लष्करानं मात्र आपल्या मोठ्या खरेदीसाठी, सव्वाचार लाख सीक्यूबी (क्लोज क्वार्टर बॅटल, म्हणजे जवळच्या लढाईच्या) कार्बाइनसाठी, ५.५६ बाय ४५ हेच पूर्ण काडतूस मागितलं. २०२५ मध्ये त्या निविदेत सर्वात कमी बोली ठरली ती एआरडीईच्याच आराखड्याची, पुण्याच्याच भारत फोर्जनं बनवायच्या कार्बाइनची. वर सांगितलेलं वेगाचं, जाळाचं, आवाजाचं सगळं नुकसान तिथे पत्करलेलं आहे. त्याचं कारण पुरवठ्यात आहे: एका तुकडीत इन्सास आणि कार्बाइन दोन्ही असतील, तर डोंगरावर खेचरांच्या पाठीवरून एकाच प्रकारची काडतुसं चढवावी लागतात आणि ती कुणाच्याही शस्त्रात चालतात. सीमेवरच्या पायदळासाठी मला हा निर्णय पटतो. शहरातल्या पोलिसांसाठी, जिन्यात आणि गर्दीत उभं राहणाऱ्या संरक्षकांसाठी पटत नाही. त्यांचा पुरवठा रस्त्याच्या कडेला उभा असतो, त्यांचे कान बंद खोलीत असतात, आणि त्यांच्यासाठी खडकीचं धाकटं काडतूसच योग्य आहे.